रिजेक्ट माल

विमानतळावर नाजूक सामानाला एक वेगळा टॅग बांधतात. त्यावर बारीक बारीक चौकोन असतात: नाजूक, पॅकिंग अपुरं, ताब्यात घेतानाच खराब. परवा पुण्याहून दिल्लीला जाताना माझ्या गिटारच्या टॅगवर काउंटरवरच्या मुलीनं या शेवटच्या चौकोनात खूण केली. इतकी दाबून केली, की पेनचं टोक पलीकडून दिसलं. खाली माझी सही. म्हणजे दिल्लीत पेटीतून गिटारचे दोन तुकडे निघाले, तरी कंपनी म्हणायला मोकळी की आम्हाला दिली तेव्हाच तशी होती.

बरं, त्या मुलीचं काही चुकलं म्हणावं तर तेही नाही. खरा वैताग तोच आहे.

ही गिटार म्हणजे फेंडर कंपनीच्या १९५२ सालच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची हातानं घडवलेली प्रतिकृती. अ‍ॅश लाकडाचं धड, मेपलच्या एकाच तुकड्यातून काढलेली मान, टॉफीसारखा पिवळट रंग, ओरखड्यांपासून धड वाचवणारं काळं पिकगार्ड. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यातून तेव्हा बाहेर पडलेली अस्सल गिटार आज घ्यायची तर राहतं घर विकायची तयारी हवी, म्हणून प्रतिकृती. कारागिरानं चौदा महिने घेतले. त्यातला बराचसा वेळ गिटार बनवण्यात नाही, बनवलेली खराब करण्यात गेला, म्हणजे ती जुनी, वापरलेली दिसावी म्हणून.

खराब करणं सोपं नसतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर अगदी पातळ मारायचं आणि काही आठवडे नुसतं वाळू द्यायचं. मग कॉम्प्युटरची धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून फवारायचा, म्हणजे हवेऐवजी गोठवणारा द्रव बाहेर येतो. थंडीनं लाकूड आणि लॅकर सारखं आकसत नाही, त्यामुळे लॅकरला केसासारख्या चिरा पडतात. वाजवताना उजवा हात जिथे टेकतो तिथला रंग लाकूड दिसेपर्यंत घासायचा. फिंगरबोर्डवर, जिथे बोटं जास्त पडतात तिथलं लॅकर उडवून काळपट मळ जिरवायचा. तारा धडावर जिथे टेकतात त्या ब्रिजच्या पत्र्याची चकाकी घालवायला फेरिक क्लोराइड. हो, तेच, सर्किट बोर्ड बनवायला पोरं तपकीर गल्लीतून आणतात ते. शेवटी स्क्रू मिठाच्या पाण्यात टाकून गंजवायचे. फेंडरनंच १९९५ पासून अशा नव्या-जुन्या गिटारी काढायला सुरुवात केली, त्यामुळे या वेडाला घराणंही आहे.

हे सगळं काउंटरवर सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. गिटारचं वजन साडेतीन किलो, म्हणजे केबिनच्या सात किलोंत दोन बसतील. पण लांबी जवळजवळ एक मीटर. तेव्हा पेटी खाली जाणार, आणि जायच्या आधी उघडून दाखवायची.

मी पेटी उघडली. मुलगी वाकली. "सर, इथे डॅमेज आहे. इथे पण. अरे बापरे, इथे तर लाकूडच दिसतंय."

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून आवाज आला, "जाड कोट मारलाय. अंडरकोट ओला असताना."

मागच्या प्रवाशाचा होता. पासष्टीचे गृहस्थ, स्वेटर आत्तापासूनच घातलेला, हातात बाकरवडीची दोन पाकिटं. पाकिटं त्यांनी माझ्या ट्रॉलीवर ठेवली आणि नाक थेट पेटीत घातलं.

"एनसी, नायट्रोसेल्युलोज ना हा? वास लपत नाही. आम्ही याला ड्युको म्हणायचो. आधी गॅरेजला, मग पिंपरीत एका कंपनीच्या पेंट शॉपला. एकतीस वर्षं."

आता कबूल करायला हवं, की काका मला त्या क्षणी थोर वाटले. ड्युको हे ड्यू पाँटनं मोटारींसाठी काढलेल्या लॅकरचं नाव. फेंडरवाले रंगीत गिटारींना ड्यू पाँटचेच ड्युको आणि ल्युसाइट मारायचे, म्हणजे चक्क मोटारींचे रंग. इतकी वर्षं मी लोकांना 'नायट्रो' म्हणजे काय ते समजावत होतो. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात विचारलं असतं तरी चाललं असतं.

"आणि ही कड पांढुरकी दिसतेय ना, हे ब्लशिंग," काका आता मुलीला शिकवत होते. "दमट हवेत थिनर झपकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी रंगात बसतं. थिनर सावकाश उडावा म्हणून रिटार्डर टाकायला नको? आमच्याकडे हा पॅनल आला असता तर क्वालिटी कंट्रोलनं लाल खडूनं फुली मारून परत पाठवला असता."

मुलीनं मान डोलावली आणि टॅगवर आणखी काहीतरी लिहिलं.

"काका, हे मुद्दाम केलंय," मी म्हणालो.

"मुद्दाम?"

"हो. पैसे देऊन करून घेतलंय."

काकांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "सर, मग डॅमेज लिहू की नको?"

"नका लिहू."

"पण डॅमेज आहे ना?"

"आहे. पण ते डिझाइन आहे."

"सर, डिझाइनचा कॉलम नाहीये."

"किती घेतले?" काकांनी हळूच विचारलं. मी खऱ्या आकड्याचा तिसरा हिस्सा सांगितला. तरीही ते काही वेळ बोलले नाहीत. मग आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "भोसरीत माझ्या भाच्याचं पेंटिंगचं बूथ आहे. चारशेचा वॉटर पेपर, मग आठशेचा, प्रायमर, दोन कोट, वर क्लिअर. तीन दिवसांत कोरी करकरीत. दीड हजार घेतो, तुमच्याकडून बाराशे."

रांगेतल्या कुणीतरी "बरंय की" म्हटलं. मी सही केली.

विमानात बसल्यावर अशा वेळी सुचतात तशी उत्तरं सुचायला लागली. पण एकही उत्तर मलाच पटेना. कारण आमचा सगळा छंद म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यातल्या चुकांची पूजा आहे. या गिटारचं आधीचं नाव ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनी त्याच उच्चाराच्या नावानं ड्रम विकत होती, तिनं हरकत घेतली. म्हणून १९५१ मध्ये फेंडरनं छापील स्टिकरवरून नावच कापून टाकलं. त्या बिननावाच्या गिटारींना आज 'नोकास्टर' म्हणतात आणि त्यांच्यासाठी उड्या पडतात.

१९५२ च्या वायरिंगमध्ये खटक्याच्या तीन जागा आहेत. मागे ढकलला की ब्रिजचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारं चुंबक. मधे, मानेजवळचा. पुढे, पुन्हा मानेजवळचाच, पण कपॅसिटरमधून असा गाळलेला की गोधडीखालून आल्यासारखा. दोन्ही पिकअप एकत्र वाजतच नाहीत. एकत्र वाजवायची सोय फेंडरनं साठचं दशक संपता संपता दिली. वायरिंग बदलायला दहा मिनिटं आणि एक सोल्डरिंग गन पुरते. मी बदललेलं नाही. का, ते विचारू नका.

ब्रिजवर पितळेच्या तीनच नळ्या, एकेकीवर दोन तारा. तेव्हा तिसऱ्या तारेवर बारीक तार गुंडाळलेली असायची, म्हणून ते जमत होतं. आता सगळे तिसरी तार साधी लावतात. तिला चौथीपेक्षा मागची जागा लागते आणि दोघी एकाच नळीवर. एकीचा सूर लावला की दुसरी रुसते. मग नळीचा स्क्रू किंचित वाकवून ती तिरकी करायची आणि दोघींना थोडं थोडं नाराज ठेवायचं. फिंगरबोर्डची गोलाईही जुन्या मापाची, ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे जास्त फुगीर. तारा खाली घेऊन बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, पुढे पहिली तार जोरात ओढली की सूर गुदमरतो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पावणेदोन मिलिमीटरच्या खाली मी नेत नाही.

आणि ट्रस रॉड! मानेचा बाक सरळ करायचा स्क्रू त्यांनी मानेच्या बुडाशी, धडाच्या आत ठेवला. पुण्यात जूनमध्ये मान वाकते, डिसेंबरमध्ये उलटी जाते. पहिल्या फ्रेटवर तारा दाबणारा चिमटा, म्हणजे कॅपो, शेवटचा फ्रेट दाबून धरायचा, सातव्यापाशी फीलर गेजची पातळ पट्टी घालून पाव मिलिमीटर फट मोजायची. फट चुकली? तारा सोडा, मानेचे चार स्क्रू काढा, पाव वळसा द्या, सगळं परत लावा, सुरात आणा, मोजा. पुन्हा चुकली. स्क्रूही जुन्या पद्धतीचे, एका खाचेचे, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर सटकून लाकडावर ओरखडा उठतो. तो ओरखडा मात्र अस्सल. त्याचे पैसे पडत नाहीत.

वर ही नाजूक किती! स्टँडच्या रबरातलं रसायन लॅकरमध्ये उतरतं आणि रंग चिकट होतो, म्हणून माझ्या स्टँडला आजीच्या जुन्या नऊवारीची पट्टी गुंडाळलेली आहे. घरी येणारे तिला नमस्कार करायचेच बाकी आहेत.

दिल्लीला पेटी पट्ट्यावरून आली ती उलटी. एक कुलूप उघडलेलं. गिटारच्या खालच्या कडेला नखाएवढा खळगा, आतलं लाकूड पांढरंशुभ्र. मी तशीच उघडी पेटी घेऊन तक्रारीच्या खिडकीपाशी गेलो. तिथल्या माणसानं टॅग पाहिला, गिटार पाहिली, पुन्हा टॅग पाहिला.

"सर, ये तो पहले से लिखा है।"

"बाकीचं पहले से है. हा एक नवा है."

"कौनसा?"

मी बोट ठेवलं. खरं सांगायचं तर पन्नास डागांत तो मलाही पटकन सापडला नाही. तेवढ्यात बाकरवडीची पाकिटं माझ्या शेजारी काउंटरवर टेकली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, अंगठा खळग्यावरून दोनदा फिरवला.

"हा आजचा आहे. कड बघा, हाताला टोचतेय. बाकीच्या सगळ्या कडा पेपर मारून गोल केल्यात. एकतीस वर्षं हेच केलंय मी," ते खिडकीतल्या माणसाला म्हणाले. मराठीतच. त्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं टॅग माझ्याकडे सरकवला आणि पुढच्याला बोलावलं.

काकांनी पाकिटं उचलली. जाता जाता पुन्हा एकदा पेटीत डोकावले.

"बाकी मॅचिंग मात्र फर्स्ट क्लास झालंय."