घराभोवती बोअर मारून वाळू भरू नका, हात जोडतो

मामांनी काल फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "बोअरवाल्याशी बोललोय." म्हणून हे लिहावं लागतंय, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही. मेसेजचं म्हणणं असं की किल्लारीला भूकंपात जमीन पातळ होऊन गावं गाडली गेली, काळ्या मातीत हा धोका सगळ्यात जास्त, आणि उपाय म्हणजे घराभोवती बोअर मारायचे, वाळू ओतायची, महिनाभर पाणी सोडायचं, की घर भूकंपप्रूफ. वर 'जपानी टेक्निक'चा शिक्का!

किल्लारीचं काय ते आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वरचं मातीचं वजनदार माळवद झोपलेल्या लोकांवर आलं. जमीन पातळबितळ काही झाली नव्हती.

काळी माती? जमीन पातळ व्हायला सुटी, भुसभुशीत वाळू लागते आणि ती पाण्यात बुडालेली लागते. हादऱ्यानं कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात, मग वरचं घर कलतं नाहीतर खचतं. १९६४ ला जपानात निगाताला अख्ख्या इमारती अशाच आडव्या झाल्या. आपली काळी माती, म्हणजे रेगड, ही चिकण, तिची तऱ्हा वेगळी, पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते.

आता तो उपाय बघा, मला राग याचाच आलाय. जपानी लोक पाइप खोल घालून, कंपनं देत, वाळू दाबून बसवतात, म्हणजे आजूबाजूची सुटी वाळू घट्ट होते. २०११ ला टोकियोजवळ उरायासूत भरावाची जमीन उकळून वर आली तेव्हा अशी आधी घट्ट केलेली जागा टिकली, हे खरं. पण तुम्ही काय करताय, तर चिकणमातीत भोक पाडून नुसती वाळू ओतताय आणि वरून पाणी! म्हणजे सुटी, ओली वाळू, जी नव्हती ती पैसे देऊन घराखाली आणताय. शिवाय ते पाणी पायाजवळच्या काळ्या मातीत मुरणार, माती फुगणार, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून जोत्याकडं तिरपी चीर पडणार ती वेगळीच. ही चीर दाखवायला कुठं लांब जायला नको, गल्लीत दोन-चार घरं सापडतील.

बरं, एक गोष्ट मान्य. गोदावरीच्या काठाला, जुन्या पात्रात, वाळूवर घर असेल तर माती तपासून घ्या. भारतीय मानक १८९३ (भाग १, २०१६) मध्ये चक्क आकडे दिलेत. पाण्याखालच्या वाळूत ५ मीटरपर्यंत एन व्हॅल्यू भूकंपाच्या झोन ३ मध्ये १५ च्या आणि झोन २ मध्ये १० च्या खाली असेल तर काळजी करा. एन व्हॅल्यू म्हणजे ठरलेलं वजन पाडून नळी एक फूट आत जायला किती ठोके लागतात ते. बोअरवाल्यानं तुमचा आकडा विचारला का? मामांना तरी नाही विचारला, भाव मात्र फुटावर सांगितलाय.

मामा, ॲडव्हान्स देऊ नका. भिंतीला लिंटेलवर, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या बाजूला, आरसीसीचा पट्टा आहे का ते आधी बघा, आणि पन्हाळीचं पाणी पायाशी पडतंय ते लांब काढा.