लांडग्याची बाजू ऐकली म्हणून पोरं बिघडत नाहीत

पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा: हल्ली मुलांच्या गोष्टी उलट्या करून सांगायचं फॅड आलंय, लांडगा कसा बिचारा होता, चेटकीण कशी दुखावली गेली होती वगैरे, आणि त्यामुळे मुलांना चांगलं-वाईट कळेनासं झालंय. जुन्या गोष्टी शेकडो वर्षं जशाच्या तशा चालत आल्या, त्यात चांगला तो चांगला आणि वाईट तो वाईट. खलनायकाची बाजू सांगणं म्हणजे त्याला माफ करणं. अशी पोरं उद्या कुठल्याही गोडबोल्या माणसावर विश्वास ठेवतील. आणि हे सगळं परदेशी खूळ, आपल्याकडे असलं काही नव्हतंच. खाली नेहमीप्रमाणे हात जोडलेले आणि दहा पालकांना पाठवा.

मी सुट्टीच्या दिवशी सोसायटीतल्या पोरांना गोष्टी वाचून दाखवते, त्यात या उलट्या गोष्टीही असतात, म्हणून मला हा मेसेज तीन-चार जणींनी वेगवेगळा पाठवला (टोमणा कळला, धन्यवाद). तर उत्तर देऊनच टाकते.

आधी तो ‘जशाच्या तशा’वाला मुद्दा, कारण बाकीचा मेसेज त्याच्याच जिवावर उभा आहे. तीन डुकरांची गोष्ट तुम्हाला कशी माहितीये? गवताचं घर उडालं की पहिलं डुक्कर दुसऱ्याकडे पळतं, मग दोघं तिसऱ्याच्या विटांच्या घरात, आणि शेवटी लांडगा भाजलेलं बूड घेऊन पळून जातो, बरोबर? ही १९३३ च्या डिस्नेच्या कार्टूनची कृपा. जोसेफ जेकब्स यांनी १८९० साली इंग्रजी परीकथांचं जे पुस्तक काढलं त्यात लांडगा पहिली दोन डुकरं सरळ खाऊन टाकतो, आणि तिसरं डुक्कर धुराड्यातून उतरणाऱ्या लांडग्याला उकळत्या पाण्याच्या भांड्यात पाडतं, शिजवतं आणि रात्रीच्या जेवणाला खातं. म्हणजे शेवटी कोण कोणाच्या पोटात याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

लाल टोपीवाली? शार्ल पेरॉ या फ्रेंच लेखकाच्या १६९७ च्या पुस्तकात लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते, पोट फाडून सोडवणारा शिकारी वगैरे कोणी येत नाही, तो आला ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात. त्याच १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे! १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र आई करून टाकलं. ज्या दुष्ट सावत्र आईला आपण युगानुयुगांची समजतो, ती हिमगौरीच्या गोष्टीत तरी संपादकाच्या टेबलावर जन्माला आली. घरी खरीच सावत्र आई असलेल्या आणि तिच्यावर जीव असलेल्या पोराला ही गोष्ट ऐकताना काय वाटत असेल, याबद्दल मेसेजवाल्यांना काही म्हणायचं दिसत नाही.

आता ‘चांगला तो चांगला’. बूट घालणारं मांजर आठवा, तेही पेरॉचंच. मांजर राजाला थापा मारतं, शेतकऱ्यांना धमकावतं की ही जमीन आमच्या मालकाची आहे असं सांगा नाहीतर तुमचा खिमा करीन, आणि मग राक्षसाच्या वाड्यात जातं. राक्षस काय करतो? एखाद्या राक्षसाला जमेल तेवढ्या सभ्यपणे मांजराला आत घेतो, बसवतो. मांजर त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून उंदीर व्हायला लावतं, खाऊन टाकतं, आणि वाडा मालकाच्या नावावर. त्या राक्षसाने त्या गोष्टीत कोणाचंही काही वाकडं केलेलं नाहीये, परत वाचून बघा. इथे चांगला नेमका कोण?

जॅकचं तर याहून मजेशीर आहे. जादूच्या वेलावरून आभाळातल्या राक्षसाच्या घरी चढून जायचं, राक्षसाच्या बायकोने खायला घालायचं, लपवायचं, आणि याने सोन्याची पिशवी, कोंबडी, वीणा एकेक करून उचलून आणायचं, आणि शेवटी वेल तोडून घरधन्यालाच पाडून मारायचं. हे बरोबर दिसत नाही हे लोकांना तेव्हाही कळत होतं! बेंजामिन टॅबार्ट यांनी १८०७ मध्ये ही गोष्ट छापली तेव्हा त्यात एक परी घुसवलेली आहे, जी जॅकला सांगते की या राक्षसाने तुझ्या बापाला मारून हे सगळं लुटलं होतं, तेव्हा घे बिनधास्त. मग १८९० मध्ये जेकब्स यांनी ती परी काढून टाकली, कारण त्यांनी लहानपणी ऑस्ट्रेलियात ऐकलेल्या गोष्टीत ती नव्हती. म्हणजे हिरोला वकील द्यायचा की नाही यावर दोनशे वर्षांपूर्वीपासून घोळ चालू आहे, आणि आपण मात्र राक्षसाला दोन वाक्यं बोलू दिली की संस्कृती बुडाली म्हणतो.

आणि खलनायकाचं कारण सांगणंही नवीन नाहीये. झोपलेल्या राजकन्येच्या बारशाला सात पऱ्यांना आमंत्रण, आठव्या म्हातारीला नाही, कारण पन्नास वर्षं ती तिच्या बुरुजातून बाहेरच पडली नव्हती आणि लोकांना वाटलं मेली असेल. ती आली तर ताट मांडलं, पण बाकीच्यांना सोन्याच्या डब्या आणि हिला नाही. मानपान चुकला! आपल्याकडच्या लग्नघरात बसलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून तिने तान्ह्या पोरीला दिलेला शाप बरोबर ठरतो का? अजिबात नाही. पण कारण आहे, ते पेरॉनेच लिहून ठेवलंय.

आता माफीचा मुद्दा, खरी गडबड इथे आहे. मेसेजवाल्यांना वाटतं की लांडग्याने ‘मी’ म्हणून गोष्ट सांगितली की मुलं ती खरी मानतात. या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९८९ चं, जॉन शेस्का यांनी लिहिलेलं आणि लेन स्मिथ यांनी चित्रं काढलेलं, तीन डुकरांची ‘खरी’ गोष्ट. त्यात लांडगा म्हणतो, मी आजीच्या वाढदिवसाचा केक करत होतो, साखर संपली, शेजारी वाटीभर मागायला गेलो, मला सर्दी झालेली, शिंक आली आणि घर पडलं, डुक्कर मेलंच होतं, आता चांगलं जेवण वाया कशाला घालवायचं म्हणून खाल्लं. दुसऱ्या घरी पुन्हा तेच. पुस्तकात एका पानावर मोठा बर्गर आहे आणि त्याच्या थरांतून सशाचे कान बाहेर आलेत. लांडगा कुठून बोलतोय? तुरुंगातून.

आमच्याकडे हे वाचलं तेव्हा पहिली-दुसरीतली पोरं होती. एकीने त्या कानांवर बोट ठेवलं आणि पान उलटूच देईना. एक जण म्हणाला शिंक मुद्दाम येत नाही त्यामुळे घर पडलं ते माफ. दुसरी म्हणाली बरं, पण खाल्लं का? मेलेलंच होतं ना, पहिला म्हणाला. मग डॉक्टरला बोलवायचं, खायचं काय, ती म्हणाली! आणि मग मागे बसलेला एक एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, साखर हवी होती तर वाण्याकडे का नाही गेला, डुकरांकडेच का? त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, लांडग्याकडेही नाही. आता सांगा, यातल्या कोणाला चांगलं-वाईट कळेनासं झालं?

मुद्दाम केलं की चुकून झालं, हे तोलणं मुलांना हळूहळू येतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या पुस्तकात याबद्दलच लिहिलंय: एका मुलाने दार उघडलं, मागे ट्रे होता हे त्याला माहीत नव्हतं, पंधरा कप फुटले, दुसऱ्याने चोरून जॅम काढताना एक कप फोडला. जास्त चूक कोणाची? लहान मुलं पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवायची, मोठी मुलं जॅमवाल्याकडे. लांडग्याची शिंक हा त्याच जातीचा प्रश्न आहे, फक्त त्यात लांडगा स्वतःच साक्षीदार आहे आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा का हे पोरांनी ठरवायचंय. बाजू ऐकणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. दोन भावंडांची भांडणं सोडवणाऱ्या आईला हे रोज करावं लागतं, आणि ‘त्याने आधी सुरू केलं’ हे वाक्य तिथे कोणी लगेच खरं मानत नाही.

म्हणून तो गोडबोल्या माणसाचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. पेरॉने लाल टोपीवालीच्या शेवटी जे तात्पर्य जोडलंय त्यात तो म्हणतो की सगळे लांडगे सारखे नसतात, काही गुरगुरत नाहीत, गोड बोलत पोरींच्या मागे घरापर्यंत येतात, आणि तेच सगळ्यात धोक्याचे. ज्या मुलाने लांडगा फक्त गुरगुरणाराच पाहिलाय त्याला गोड बोलणारा कसा ओळखू येणार? मऊ आवाजात, सर्दीचं निमित्त सांगत, आजीचं नाव घेत बोलणारा लांडगा घरात बसून, पुस्तकात, आधी एकदा पकडलेला बरा.

परदेशी खूळ म्हणाल तर दिवाळीत ओवाळताना घरोघर काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळी असुरांचा राजा, त्याला पाताळात घातला देवाने, आणि राज्य आपण मागतो त्याचं. संस्कृतात भासाच्या ‘ऊरुभंग’ नाटकात मांडी मोडून मरणाऱ्या दुर्योधनाकडे बघून वाईट वाटतं. आणि एवढं लांब कशाला, चिऊताई चिऊताई दार उघड सांगताना, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ तिसऱ्यांदा आलं की पोरगं विचारतंच, पण तो बाहेर भिजतोय ना? शेणाचं घर बांधणाऱ्या कावळ्याची बाजू घ्यायला त्याला कोणी परदेशातून शिकवायला आलेलं नसतं.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्यांशी मी सहमत आहे. काही उलट्या गोष्टी फक्त पाट्या बदलतात. २०१४ चा ‘मॅलेफिसंट’ सिनेमा घ्या, झोपलेल्या राजकन्येचीच गोष्ट शाप देणारीच्या बाजूने, दिसायला झकास, पण त्यात शाप देणारीला निर्दोष करण्यासाठी राजकन्येच्या बापाला पंख कापणारा नीच माणूस करून टाकलाय. म्हणजे खलनायकाची बाजू ऐकलीच नाही, नुसता नवा खलनायक आणला. तिथे मुलाला तोलायला काही उरत नाही, कोणाला शिव्या घालायच्या ते पुन्हा आयतं मिळतं. असल्या गोष्टींवर टीका करा, मी पण करीन.

आणि वय बघा. तीन वर्षांच्या पोराला आधी साधी गोष्ट सांगा, पाठ होईपर्यंत सांगा, लांडगा दुष्टच असू द्या, फुंकर मारताना तुमचे गालही फुगू द्या. मग कधीतरी पुढे लांडग्याला बोलू द्या. उलट्या गोष्टीची सगळी गंमत सुलट गोष्ट माहीत असण्यात आहे, आणि ज्यांना ती माहीत नसते त्यांना शिंकेचा जोक कळतच नाही, ती नुसती विचारतात की मग आजीचा केक झाला का.