लहान हंबकर म्हणजे कापलेला हंबकर नव्हे

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरत आहे, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या सरावाच्या खोलीत तो मला तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी दाखवला. पिकअप म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संदेशात बदलणारा गिटारचा भाग; विजेची घूंघूं, म्हणजे हम, मारण्यासाठी वायरची दोन वेटोळी (कॉइली) जोडून केलेला पिकअप तो हंबकर, आणि मिनी हंबकर हा त्याचा लहान प्रकार. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: मिनी हंबकर म्हणजे कापून लहान केलेला हंबकर, कॉइल लहान म्हणून तिच्यातली वायर कमी, वायर कमी म्हणून रेझिस्टन्स कमी, आणि रेझिस्टन्स कमी म्हणून ताकद कमी, त्याचा आवाज सगळ्याच तारांवर पातळ येतो, हमही पूर्ण जात नाही, सबब बॉडी कोरून पूर्ण आकाराचाच पिकअप बसवावा. यातला शेवटचा सल्ला मनावर घेऊन एक विद्यार्थी आपली गिटार सुताराकडे घेऊन गेला आणि लाकूड कोरण्याचे यंत्र, म्हणजे राउटर, सुरू होण्याआधी त्याने मला फोन केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत आधी “कापलेला” या शब्दाविषयी. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी तयार केलेल्या मोठ्या हंबकरच्या पेटंटचा अर्ज 1955 सालचा आहे आणि पेटंट मिळाले 1959 मध्ये. गिब्सनने एपिफोन कंपनी 1957 मध्ये विकत घेतली, त्यानंतर मिनी हंबकर एपिफोनच्या गिटारींवर आला. पुढे 1969 च्या सुमारास गिब्सनच्या लेस पॉल डिलक्स गिटारमध्ये तो घेतला गेला, कारण पी-नाइन्टी या एकाच कॉइलच्या पिकअपसाठी कोरलेल्या पोकळीत तो नव्याने लाकूड न कोरता बसत होता. तिथे तो आला तो पोकळीत बसतो म्हणून, मोठा हंबकर कापून नव्हे. त्याची आतली रचनाही वेगळी आहे: एका कॉइलमध्ये फिरवता येणारे स्क्रू, तर दुसरीत पोलादाची सलग पट्टी. गिब्सनच्याच फायरबर्ड गिटारवरचा पिकअप बाहेरून मिनीसारखा दिसतो, पण त्याच्या प्रत्येक कॉइलच्या आत स्वतंत्र चुंबक असतो. आणि फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारमधल्या सिंगल कॉइलच्या, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपच्या, जागी बसणारे दोन पात्यांचे हंबकर ही तिसरीच जात आहे. मजकूर लिहिणाऱ्याने या तिघांना एकाच पोत्यात भरले आहे.

आता रेझिस्टन्सचा मुद्दा, जो या दाव्याचा कणा आहे आणि जो सर्वांत कच्चा आहे. मल्टिमीटरवर दिसणारा आकडा वायरची लांबी आणि जाडी या दोहोंवर अवलंबून असतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या हंबकरमध्ये 42 गेजची, म्हणजे सुमारे 0.063 मिलिमीटर जाडीची वायर असते आणि एकेका कॉइलवर तिचे साधारण 5000 वेढे पडतात. तेवढ्याच लांबीची 43 गेजची, म्हणजे त्याहून बारीक, वायर घेतली, तर वेढे एकाने न वाढवताही रेझिस्टन्स जवळजवळ सव्वापट होतो. हे पटत नसेल तर शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंड करणाऱ्या कोणालाही विचारावे: नेहमीपेक्षा बारीक वायर भरली की मीटरवरचे ओहम वाढतात, पण म्हणून मोटरची अश्वशक्ती वाढत नाही. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. कोल्हापूरच्या डिसेंबरातल्या पहाटे 15 अंशांना 8 किलोओहम दाखवणारी कॉइल एप्रिलच्या दुपारी 37 अंशांना 8.7 च्या आसपास दाखवेल. तेवढ्याने पिकअप उन्हाळ्यात दमदार झाला असे म्हणण्याचे धाडस मजकूर लिहिणाराही करणार नाही.

उदाहरणेच हवी असतील तर दोन्ही टोकांची आहेत. रे बट्स यांनी ग्रेच या गिटार कंपनीसाठी बनवलेला फिल्टरट्रॉन हा हंबकर रुंदीला मोठ्या हंबकरपेक्षा थोडासाच लहान आहे, तरी त्याचा रेझिस्टन्स साधारण 4 किलोओहम, म्हणजे नेहमीच्या हंबकरच्या जवळजवळ निम्मा असतो. उलट सेमूर डंकन या पिकअप कंपनीचा हॉट रेल्स हा दोन पात्यांचा हंबकर सिंगल कॉइलच्या जागेत मावतो, आणि त्याच्या ब्रिजजवळ (तारा जिथे बॉडीवर टेकतात तिथे) बसवायच्या मॉडेलचा आकडा 16 किलोओहमच्या पुढे जातो. आवाज जाड, दणकट आणि वरच्या बाजूला दबलेला. लहान म्हणजे पातळ हे सूत्र खरे असते, तर हा पिकअप अस्तित्वातच यायला नको होता.

मिनी हंबकरवर सहसा वेढे कमी असतात आणि त्याचे आउटपुट त्या प्रमाणात थोडे कमी येते, हे मात्र मान्य केले पाहिजे. पण आउटपुट वेढ्यांबरोबरच चुंबकाच्या शक्तीवर आणि तारेपासूनच्या अंतरावर ठरते, आणि हे तिसरे कारण स्क्रूड्रायव्हरच्या दोन फेऱ्यांत बदलता येते. सत्तरच्या दशकात द हू या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड मिनी हंबकर असलेल्या लेस पॉल डिलक्स गिटारी भल्यामोठ्या मंचांवर वाजवत होते. कमी ताकदीची तक्रार तिथे कोणी केल्याचे मी वाचलेले नाही.

आवाज सगळ्याच तारांवर पातळ येतो, या विधानात निम्मे सत्य आहे, आणि ते नेमके कुठे आहे हे पाहण्यासारखे आहे. हंबकरच्या दोन कॉइली एकाच तारेचे कंपन दोन ठिकाणी ऐकतात. एखाद्या उपस्वराच्या (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या त्याच्या पटीतल्या वरच्या स्वराच्या) तरंगाची अर्धी लांबी त्या दोन ठिकाणांमधल्या अंतराएवढी भरली, की एक कॉइल जे देते ते दुसरी खोडून टाकते आणि तो उपस्वर नाहीसा होतो. मोठ्या हंबकरमध्ये हे अंतर सुमारे 18 मिलिमीटर असते. लेस पॉलची तार 628 मिलिमीटरची आणि सर्वांत जाड ई तारेचा मूळ स्वर 82.4 हर्ट्झचा धरला, तर आवाजातला असा खड्डा 2.9 किलोहर्ट्झच्या आसपास पडतो. मिनीमध्ये अंतर साडेबारा मिलिमीटर धरले तर तोच खड्डा 4.1 किलोहर्ट्झवर सरकतो, आणि दोन पात्यांच्या पिकअपमध्ये त्याहूनही वर जातो. म्हणून मिनीवर जाड तारांचा कॉर्ड वाजवला की त्यातले स्वर सुटे ऐकू येतात. मोठ्यावर ते एकमेकांत मिसळून भरदार होतात. बारीक ई तारेवर मात्र मोठ्या हंबकरचा खड्डासुद्धा साडेअकरा किलोहर्ट्झवर जातो, आणि गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वर फारसे काही ऐकवतच नाही. तेव्हा आकारामुळे पडणारा फरक जाड तारांवर खरा आहे आणि बारीक तारांवर जवळजवळ नाही.

मग मिनीच्या बारीक तारा उजळ का वाटतात? त्याचे कारण इंडक्टन्समध्ये, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याच्या कॉइलच्या गुणात, आहे. कमी वेढ्यांच्या कॉइलचा इंडक्टन्स कमी असतो, त्यामुळे केबलच्या कपॅसिटन्सबरोबर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेबरोबर) होणाऱ्या अनुनादाचा उंचवटा वरच्या बाजूला सरकतो. हा गुण वाइंडिंगचा आहे, रुंदीचा नाही. हॉट रेल्सने तो आकडा उलट दिशेला नेऊन दाखवला आहेच.

हमच्या मुद्द्यावर फार थांबण्याची गरज नाही. विजेच्या 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राने दोन्ही कॉइलींत निर्माण होणारे प्रवाह उलट जोडणीमुळे एकमेकांना मारतात, आणि त्यासाठी दोन्ही कॉइली परस्परांशी जुळणाऱ्या असाव्या लागतात; मोठ्या असाव्या लागत नाहीत. उलट ट्रान्सफॉर्मरजवळ क्षेत्र जागोजागी बदलते, तिथे जवळजवळ बसवलेल्या कॉइलींना ते अधिक सारखे भेटते. गणपतीच्या मांडवात उभे राहिल्यावर जी घरघर येते ती बहुधा हम नसतेच. परीक्षा सोपी आहे: गिटार हातात धरून जागेवर फिरल्याने आवाज कमी-जास्त झाला तर ते चुंबकीय क्षेत्र, तारांना हात लावताच आवाज घटला तर दोष शील्डिंगचा (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) किंवा अर्थिंगचा, आणि तो कोणत्याही मापाच्या हंबकरने जाणार नाही.

राहिला राउटर. पिकअप पुन्हा बदलता येतो, काढलेले लाकूड परत येत नाही. ज्याला जाड तारांवर तो मिसळलेला, भरदार आवाजच हवा आहे, त्याने मोठ्या हंबकरसाठी कोरलेली गिटारच घ्यावी हे उत्तम. सुताराकडे पोचलेल्या आमच्या विद्यार्थ्याची तक्रार वेगळी होती. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजले, तेव्हा त्याचा ब्रिजकडचा मिनी हंबकर तारांपासून 4 मिलिमीटर खाली होता. तो 1.6 मिलिमीटरपर्यंत वर घेतला, आणि तरीही उजळपणा टोचतो म्हणाला म्हणून 500 किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालचा भाग) काढून 250 चा लावला. बॉडी जशी होती तशीच आहे.