आजीचा ड्रेस नातीला बसत नाही, फ्रान्समध्येसुद्धा

परवा बहिणीचा फोन आला. तिची मुलगी सोळा वर्षांची. गेले आठ दिवस ती रात्री जेवतच नाहीये. खूप खोदून विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. त्यात मेसेज होता, फ्रेंच बायकांच्या स्टाइलची गुपितं सांगणारा. तो आमच्या घरच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला होता आणि मी न वाचताच सोडून दिला होता. नऊ वर्षं उत्तर फ्रान्समध्ये, लीलला राहते मी. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: फ्रेंच बाईच्या कपाटात दहाच कपडे असतात. काळा, पांढरा आणि बेज सोडून ती रंग वापरत नाही. स्वस्त कपड्यांना हात लावत नाही. ही नजर तिच्या रक्तातच असते. आणि ती कधीच जाड होत नाही, म्हणून आजीचा ड्रेस नातीला जसाच्या तसा बसतो.

शेवटचं आधी घेते, कारण भाची त्याच्यापायी उपाशी झोपतेय. फ्रान्सच्या वस्त्रोद्योग संस्थेने 2003 ते 2005 या काळात देशभरातल्या साडेअकरा हजार लोकांची मापं घेतली. आधीची मापं 1970च्या आसपासची होती आणि त्यांवर बेतलेले कपडे लोकांना नीट बसत नव्हते. नव्या मोजणीत बायकांची सरासरी उंची निघाली 1.62 मीटर आणि वजन 62.4 किलो. दोन्ही आकडे आधीपेक्षा वाढलेले. म्हणजे आजीचं माप नातीला चालत नाही, हे कपडे शिवणाऱ्या धंद्यानेच मोजून ठरवलं, आणि त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. 2020च्या पाहणीत तर इथले 17 टक्के प्रौढ स्थूल निघाले. जाड न होणारी बाई कुठल्या देशात राहते, मला माहीत नाही. माझ्या इमारतीत, बसमध्ये, भाजीच्या रांगेत सगळ्या अंगकाठीच्या बायका आहेत. आणि रात्रीचं जेवण? आमच्या शेजारच्या घरी आठच्या सुमाराला टेबल मांडतात, पाव असतो, शेवटी चीज असतं, आणि शाळकरी मुलगी न जेवता उठायला लागली तर आई तिला उठू देत नाही.

दहा कपड्यांचंही तसंच. 2022 साली फ्रान्सच्या बाजारात कपडे, चपला-बूट आणि घरातले चादरी-टॉवेल मिळून 3.3 अब्ज नवे नग आले. माणशी 48, एका वर्षात! स्वस्त कपड्यांचा लोंढा इतका वाढला की मार्च 2024मध्ये इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्याला आळा घालणारं विधेयक एकमताने मंजूर केलं. स्वस्तातले कपडे विकणारी कियाबी ही साखळी 1978 साली लीलजवळच्याच रोंक गावात सुरू झाली. शेजारच्या रुबे शहरातून निघालेली कामायू ही कपड्यांचीच साखळी 2022मध्ये बंद पडली आणि अडीच हजारांवर माणसांची नोकरी गेली. मधल्या पिढीच्या साध्या, पगारदार बायका कपडे घ्यायच्या त्या अशा दुकानांतून. मेसेजमधली बाई पॅरिसच्या दोन-चार श्रीमंत मोहल्ल्यांतली आहे, तीही जाहिरातीतली.

रंगांबद्दल एवढंच सांगते: रविवारी आमच्या लीलमधल्या वाझेमच्या बाजारात या. अल्जीरिया, मोरोक्को, सेनेगलहून आलेल्या घरांतल्या बायकाही फ्रेंचच आहेत. मेसेज त्यांना मोजतच नाही, याचा मला फार राग येतो.

रक्ताचं म्हणाल तर जिला सगळं जग फ्रेंच स्टाइलची मूर्ती मानतं, ती गायिका-अभिनेत्री जेन बर्किन जन्मली लंडनमध्ये. पट्ट्यापट्ट्यांचा तो प्रसिद्ध टीशर्ट 1858च्या सरकारी हुकमाने नौदलाच्या खलाशांना मिळालेला गणवेश. खेड्यातल्या फ्रेंच आज्या तर आयुष्यभर कपड्यांवरून नायलॉनचा फुलाफुलांचा झगा चढवून वावरल्या.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. चांगला कोट घ्यायचा, तो वर्षानुवर्षं वापरायचा, दुरुस्त करून घ्यायचा, ही सवय इथल्या जुन्या पिढीला नक्की आहे. 2023च्या अखेरीपासून कपडे-बूट दुरुस्तीच्या बिलात ठरावीक सूटही मिळते, पण सूट द्यावी लागते म्हणजे सवय मोडत चालली आहे हेही आलंच. आमच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या व्हायच्या, तेव्हा त्याला कुणी गुपित म्हटलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंचा लोकरी कोट यंदा त्यांच्या नातीने घेतला. बगलेत आणि कमरेला होत नव्हता. शिंपिणीने दोन्ही बाजूंची शिवण उसवून आत चार बोटांची पट्टी जोडून दिली. पट्टीचा रंग किंचित वेगळा आहे, नीट पाहिलं तर दिसतो. नात तो रोज घालते. त्या दोघींना विचारून कोटाचा फोटो काढलाय, पट्टी दिसेल असा, आणि भाचीला पाठवलाय. आज रात्री जेवायच्या वेळेला तिला फोन करणार आहे.