बॅरल बदलली म्हणून ग्रुप अर्धा होत नाही

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: 'पॉइंट टू-टूचे गुण अडकलेत? कंपनीची बॅरल काढा, लांब आणि जाड मॅच बॅरल बसवा, ग्रुप अर्ध्यावर येईल.' (पॉइंट टू-टू म्हणजे 0.22 इंची रायफल, बॅरल म्हणजे तिची नळी, मॅच म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, आणि ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका; तो जितका लहान तितकी अचूकता जास्त.) 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं, तेव्हापासून किती तरी नवी घरं या खेळाकडे वळली आहेत. या सल्ल्यापायी त्यांचे पैसे भलत्याच ठिकाणी जातील, याची मला काळजी वाटते.

सल्ल्याचं मूळ अमेरिकेतलं आहे आणि तिथे त्यात तथ्यही आहे. रुगर 10/22 ही 1964 पासून विकली जाणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल. तिची बॅरल व्ही-ब्लॉक नावाचा एक तुकडा आणि दोन स्क्रूंवर बसते, त्यामुळे घरच्या टेबलावर बदलता येते. कुठलंही काडतूस न अडकता चालावं म्हणून तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची जागा, सैल ठेवलेलं असतं. तिथे घट्ट चेंबरची चांगली बॅरल बसवली की फरक दिसतो. आपल्या रेंजवर मात्र मुलांच्या हातात बहुधा अन्शुट्झ किंवा वॉल्थर या जर्मन कंपन्यांची रायफल असते, आणि तिची बॅरल मुळातच मॅच दर्जाची असते.

'लांब बॅरल, जास्त वेग, जास्त अचूकता' हा पहिला मुद्दा. पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू चिमूटभर असते. साधारण 16 ते 19 इंचांत तिचा जोर संपतो, पुढे गोळीला नुसतं घर्षण. शिवाय जादा वेग हवाय कुणाला? मॅच काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला 330 मीटरच्या आसपास ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते.

जाड बॅरल तापत नाही म्हणे. सावकाश, एकेक गोळी मारणाऱ्या मुलाच्या हातात शिशाच्या गोळीने बॅरल तापतेच कितीशी? वजनाने रायफल स्थिर धरायला मदत होते, तेवढंच.

आता खरी गोष्ट, काडतुसाची. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या कडेत फिरवून बसवलेलं असतं. ते सगळीकडे सारखं पसरलं नाही की दारू दर वेळी सारखी पेटत नाही. 50 मीटर जायला गोळीला सुमारे 0.16 सेकंद लागतात, तेवढ्यात ती जवळपास साडेबारा सेंटीमीटर खाली येते. वेग सेकंदाला फक्त 10 मीटरने कमी झाला, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. दहाचं वर्तुळ आहे 10.4 मिलिमीटर व्यासाचं! नवी बॅरल आली म्हणून पुंगळीतलं रसायन नीट पसरत नाही.

म्हणूनच मोठे नेमबाज लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या काडतुसांची खेप, तपासतात. काडतुसं बनवणाऱ्या लापुआ कंपनीच्या जर्मनीतल्या शोनेबेक इथल्या केंद्रात रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं मारून बघतात. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये त्याच बॅरलचे ग्रुप वेगळे पडतात. आपल्याकडे आयात काडतुसं महाग आणि मोजकी मिळतात, हे खरं. तरी दोन-तीन लॉटची थोडी थोडी काडतुसं मिळवून तपासायला बॅरलच्या मानाने फार कमी पैसे लागतात.

'आधी आणि नंतर'चे फोटो पाठवले जातात, त्यांत पाच-पाच गोळ्यांचा एकेक ग्रुप असतो. तीच रायफल, तेच काडतूस घेऊन लागोपाठ दोन ग्रुप मारले तरी इतका फरक पडू शकतो. दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच ग्रुप दाखवा, मग बोलू.

गुण हळूहळू घसरले असतील तर आधी चेंबरच्या अगदी पुढे बघा. तिथे जळालेल्या दारूचं कडक काळं कडं धरतं आणि गोळी नळीत शिरतानाच खरवडली जाते. नुसता कापडी बोळा त्यावरून घसरून जातो. मळ विरघळवणारं सॉल्व्हंट मुरू द्यावं लागतं, मग ब्राँझचा ब्रश, तोही चेंबरकडून आणि बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून. पुढून रॉड घातला की नळीचं तोंड घासलं जातं. सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या मोजू नका, गोळ्यांवरच्या मेणाचा थर नळीत पुन्हा बसायला त्या लागतात. स्टॉकचे स्क्रू दर वेळी टॉर्क रेंचने सारखेच आवळा.

इतकं करूनही शिकंज्यात ग्रुप फाकत असेल, नळीच्या तोंडाला टवका असेल किंवा बोअरस्कोपमध्ये (नळीच्या आत बघायची दुर्बीण) गंजाचे खड्डे दिसत असतील, तर बॅरल जरूर बदला. मात्र ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही 'शस्त्र' या व्याख्येत येतात, आणि विनापरवाना बॅरल आखूड करणं हा गुन्हा आहे. परवानाधारक गनस्मिथकडे जा, आणि जाताना निवडलेल्या लॉटची काडतुसं बरोबर न्या.