धन्यवादाचं पान आलं म्हणजे पैसे आले का?

वाद पेटवला बंड्याने. "दुकानाच्या वेबसाइटवर फॉर्म टाकतो. कार्ड नंबर, तारीख, सीव्हीव्ही भरून घेतो आणि रात्री निवांत पैसे कापतो. मधल्या पेमेंट गेटवेला, म्हणजे कार्डाचे पैसे वळते करून देणाऱ्या कंपनीला, टक्केवारी कशाला?"

सुमीने कपाळाला हात लावला. तिचं रोजचं काम हेच. "कापणार कशाने? त्याला मर्चंट खातं, म्हणजे कार्डाचे पैसे स्वीकारायचं खातं लागतं, नाहीतर ते असलेला कोणीतरी मध्ये लागतो. आणि सीव्हीव्ही तर विसरच. व्यवहाराला मंजुरी मिळाली की तुझ्यासारख्या दुकानदाराने तो ठेवायचाच नाही, एन्क्रिप्ट करूनही नाही. कार्डाची माहिती सुरक्षित ठेवायच्या या नियमांना पीसीआय डीएसएस म्हणतात."

"सरकारी भानगड?"

"नाही रे, कार्ड कंपन्यांनीच २००४ साली आणलेले. कार्डाचा नंबर तुझ्या सर्व्हरला शिवला की त्यातली कलमं भराभर तुझ्या गळ्यात पडतात. गिऱ्हाईकाला गेटवेच्या पानावर पाठव, नंबर तिथेच भरू दे. तुझ्याकडे फक्त टोकन येईल, म्हणजे नंबराऐवजी एक बदली खूण. ते चोरून नेलं तरी चोराला बाहेर त्याचा उपयोग नाही."

अण्णांना हे पटेना. "अगं, पान बदललं की माणूस बिचकतो. निम्म्यातून पळतो."

मुद्दा खरा होता. सुमीनेही तो उडवून लावला नाही. गेटवेचे रकाने आपल्याच पानात बसवता येतात, म्हणाली, नंबर तरी थेट त्यांच्याकडेच जातो. "फक्त त्या पानावर चॅटची खिडकी, जाहिरातींचे ट्रॅकर असला पसारा नको. असल्या परक्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या कोडमध्ये, कोणी घुसला तर खोटे रकाने दाखवून नंबर पळवतो."

"बरं," बंड्या म्हणाला, "पैसे भरले की धन्यवादाचं पान उघडतं. ते उघडलं की ऑर्डर पक्की. झालं!"

माझ्या मते खरी गोम इथेच आहे, आणि टक्केवारीवर तासभर भांडणारे नेमके इथे फसतात. सुमी तर उसळलीच. "त्या पानाचा पत्ता कोणीही टाइप करेल आणि फुकटात माल नेईल! उलटंही होतं. पैसे कापले गेले, परत येताना नेट गेलं, पान उघडलंच नाही. गिऱ्हाईक बोंबलतंय आणि तुझ्याकडे ऑर्डरच नाही."

"मग कळायचं कसं?"

"वेबहुक. गेटवेचा सर्व्हर तुझ्या सर्व्हरला परस्पर कळवतो. त्या निरोपावरची गेटवेची डिजिटल सही तपासायची, रक्कम ऑर्डरशी ताडून बघायची, मगच माल सोडायचा. तोच निरोप दोनदा येऊ शकतो. तेव्हा ऑर्डर नंबर बघ, नाहीतर दोनदा माल पाठवशील."

"आणि एकदा आले की पैसे आपले," अण्णा.

"चार्जबॅक ऐकलंय का, अण्णा? 'हा व्यवहार माझा नाही' असं कार्डधारक बँकेला सांगतो आणि पैसे उलटे जातात. पुष्कळ तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते." कित्येकदा कारण अगदी फुसकं असतं, ती म्हणाली: स्टेटमेंटवर दुकानाऐवजी मालकाची भलतीच फर्म छापून येते आणि गिऱ्हाईकाला ओळख पटत नाही. ते नाव गेटवेच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. थ्री-डी सिक्युअर, म्हणजे कार्डधारकाची ओळख पटवणारी बँकेची पायरी, लावून ओटीपी घेतला, तर फसवणुकीचा भार बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. माल न मिळाल्याची तक्रार मात्र आपल्यालाच निस्तरावी लागते.

बंड्या नरमला. "म्हणजे उद्या लगेच चालू नको करू?"

"गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये कर की, तिथे खरे पैसे हलत नाहीत. आणि नुसतं यशस्वी होणारं कार्ड चालवून खूश होऊ नकोस. नकार देणारे टेस्ट नंबरही मिळतात, ते टाकून बघ तुझं पान काय म्हणतंय."