राग गिळणं वेगळं, अर्थ बदलणं वेगळं

‘राग गिळला की सौद्यातला निर्णय आपोआप शहाणा होतो’ हे सौदेबाजीवरच्या एका लेखातलं वाक्य पटत नाही. चेहरा कोरा ठेवून राग दाबणं आणि प्रसंगाचा अर्थच वेगळा लावणं, ही मेंदूत दोन निराळी कामं आहेत. मेंदूसंशोधक गोल्डिन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली किळसवाण्या चित्रफिती दाखवून हे तपासलं. अर्थ बदलताना कपाळामागचा, विचार-आवर सांभाळणारा प्रीफ्रंटल भाग पहिल्या साडेचार सेकंदांतच कामाला लागला. भीती-रागाला चटकन प्रतिसाद देणारा अमिग्डला आणि किळस-अस्वस्थता जाणवून देणारा इन्सुला शांत झाले. दाबताना प्रीफ्रंटल भाग दहा सेकंदांनंतर जागा झाला आणि इन्सुलाचं काम उलट वाढलं. सॅनफी यांच्या २००३च्या प्रयोगात समोरच्याने केलेल्या दहा डॉलरच्या अन्यायी वाटणीला नकार देताना जोरात चालणारा भाग हाच, इन्सुला.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे व्यापारी केळीचा आकडा जाहीर झालेल्या बोर्डाच्या भावाखाली सांगतो, तेव्हा ‘हा मला येडा समजतो’ऐवजी ‘याला आज गाडी भरायची घाई आहे का?’ हा प्रश्न आकडा ऐकताच मनात यायला हवा. घरी जाऊन नव्हे. पण यातही खोच आहे, जी त्या लेखात पार सुटली: अर्थ बदलणारे लोक अन्यायी देकार जास्त स्वीकारतात, असं व्हॅन्ट वाउट यांच्या २०१० च्या प्रयोगात दिसलं. म्हणजे होकार दिला म्हणून तो शहाणपणा ठरत नाही. घड कापणीच्या पुढे गेले असतील तर कमी भावही घ्यावा लागतो. माल आठवडाभर झाडावर थांबू शकत असेल, तर शांत डोक्याने नाहीच म्हणावं.